चांदीपुरा मेंदूज्वराच्या साथीचे व्यवस्थापन

चांदीपुरा मेंदूज्वर (चंडीपुरा मेंदूज्वर असेही लिहिले जाते) हा चांदीपुरा विषाणूमुळे होणारा, प्रामुख्याने १५ वर्षांखालील मुलांना ग्रासणारा तीव्र मेंदूदाह होय. वाळूमाशी (सँडफ्लाय) या लहान कीटकाच्या दंशाने तो पसरतो. मध्य व पश्चिम भारतात, तसेच तेलंगणाच्या काही भागांत पावसाळ्याच्या प्रारंभापासून या रोगाच्या साथी उद्भवतात. सकाळी ताप आलेले मूल रात्रीपर्यंत बेशुद्ध होणे, इतकी या रोगाची गती तीव्र असते. त्यावर विशिष्ट औषध अथवा मानवासाठी मान्यताप्राप्त लस उपलब्ध नाही. त्यामुळे साथीचे व्यवस्थापन मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असते : रुग्ण लवकर ओळखणे, त्याला वेळेत आधारभूत उपचार मिळणे आणि वाळूमाशीचे नियंत्रण.

नाव व शोध

इ.स. १९६५ मध्ये नागपूर परिसरात डेंग्यू व चिकुनगुन्या या तापांची साथ चालू होती. तिचा अभ्यास करताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना नागपूरजवळील चांदीपुरा येथील दोन तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक अपरिचित विषाणू आढळला. प्रथम आढळाच्या ठिकाणावरून त्याला नाव देण्यात आले. हे केंद्र इ.स. १९५२ मध्ये स्थापन झाले असून इ.स. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते.

त्यानंतर औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे पकडलेल्या वाळूमाश्यांतही हा विषाणू आढळला. इ.स. १९८० मध्ये जबलपूर येथील मेंदूविकाराच्या एका रुग्णात तो सापडला. तरीही पुढील दोन दशके मोठ्या साथीचे कारण म्हणून त्याच्याकडे पाहिले गेले नाही. भारताबाहेर नायजेरियात साळूसारख्या काटेरी, लहान प्राण्यात आणि सेनेगलमध्ये वाळूमाश्यांत त्याचे अस्तित्व नोंदले गेले आहे.

विषाणूचे स्वरूप

चांदीपुरा विषाणू रॅब्डोव्हिरिडी या कुळातील व्हेसिक्युलोव्हायरस या प्रजातीसमूहात मोडतो. अलर्क रोगाचा (रेबीजचा) विषाणू याच कुळातील असला, तरी तो निराळ्या गटातील आहे. चांदीपुरा विषाणूचा आकार बंदुकीच्या गोळीसारखा असतो. त्याची जनुकीय सामग्री एकेरी आरएनए साखळीच्या स्वरूपात असून तीत पाच प्रमुख प्रथिनांची माहिती असते. बाह्य आवरणावरील जी प्रथिनाच्या साहाय्याने विषाणू पेशीला चिकटतो. शरीराची प्रतिपिंडेही मुख्यतः याच प्रथिनाविरुद्ध तयार होतात.

प्रसार व वाळूमाशीचे जीवनमान

वाळूमाशी आकाराने डासाहून पुष्कळ लहान, अंगावर केस असलेली व फिकट रंगाची असते. बसताना ती पंख इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणे उभे धरते. तिची मादीच चावते आणि तिचा वावर मुख्यतः सायंकाळपासून पहाटेपर्यंत असतो. ती लांबवर उडत नाही. उड्या मारल्याप्रमाणे थोडे थोडे अंतर कापते आणि जमिनीपासून फार उंच जात नाही. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतूनही ती आत शिरू शकते.

डास व वाळूमाशी यांतील एक भेद व्यवस्थापनाच्या दृष्टीने निर्णायक ठरतो. डासाची अंडी व अळ्या पाण्यात वाढतात, तर वाळूमाशीच्या अळ्या ओलसर आणि सेंद्रिय द्रव्यांनी युक्त मातीत वाढतात. मातीच्या भिंतींच्या भेगा, गुरांचे गोठे, शेणाचे ढीग, उकिरडे, झाडांच्या ढोली व बिळे ही तिची आश्रयस्थाने होत. म्हणून डेंग्यूच्या साथीत उपयुक्त ठरणारी साठलेले पाणी काढून टाकण्याची मोहीम वाळूमाशीची उत्पत्ती थांबवू शकत नाही. पाण्याची पिंपे रिकामी झाली, पण घराच्या भिंतीतील भेगा तशाच राहिल्या, तर धोका कायम राहतो.

मातीचे घर, त्याला लागून गोठा आणि जमिनीवर झोपण्याची पद्धत असलेल्या ग्रामीण व आदिवासी वस्त्यांत मुलांचा वाळूमाशीशी संपर्क अधिक येतो. रोगप्रवण भागातील अनेक प्रौढांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळतात. त्यांना पूर्वी कधीतरी सौम्य संसर्ग होऊन गेलेला असतो. लहान मुलांत अशी प्रतिकारशक्ती नसल्याने रोगाचा भार त्यांच्यावरच पडतो. माणसापासून माणसाला हा रोग होत असल्याचे आढळलेले नाही. त्यामुळे रुग्णाच्या कुटुंबाला गावापासून वेगळे ठेवण्याचे कारण नसते.

लक्षणे व रोगाची गती

रोगाचा प्रारंभ अचानक आलेल्या तीव्र तापाने होतो. त्यापाठोपाठ उलट्या, डोकेदुखी, काही मुलांत जुलाब, झटके येणे (आकडी), भान हरपणे आणि मूर्च्छा ही लक्षणे दिसतात. हा सर्व प्रवास काही तासांत घडू शकतो. गंभीर रुग्णांत हातपाय ताठ होणे, श्वास अनियमित होणे व रक्ताभिसरण कोलमडणे ही चिन्हे आढळतात. अनेक मृत्यू लक्षणे सुरू झाल्यापासून २४ ते ४८ तासांत होतात.

जपानी मेंदूज्वराशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. जपानी मेंदूज्वर सहसा अधिक दिवस चालतो आणि वाचलेल्या अनेक मुलांत अपंगत्व, बौद्धिक न्यूनता किंवा वर्तनदोष मागे ठेवतो. चांदीपुरा मेंदूज्वरात मृत्यूचा धोका पहिल्या दोन दिवसांत एकवटलेला असतो. तो काळ निभावून नेलेली मुले बहुधा पूर्णपणे बरी होतात. म्हणूनच पहिल्या काही तासांतील उपचारांना या रोगात असाधारण महत्त्व आहे.

प्रमुख साथी

इ.स. २००३ च्या जून ते ऑगस्ट या काळात तत्कालीन आंध्र प्रदेशात, विशेषतः आज तेलंगणात असलेल्या जिल्ह्यांत, ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला व त्यांपैकी १८३ दगावली. प्रारंभी जपानी मेंदूज्वराचा संशय होता. परंतु राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासण्यांत रुग्णांच्या नमुन्यांत चांदीपुरा विषाणू, त्याचा आरएनए व त्याविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. त्याच वर्षी विदर्भातही मुलांतील मेंदूज्वराचे रुग्ण आढळले. या साथीच्या स्वरूपाविषयी वैद्यकक्षेत्रात मतभेदही झाले. काही बालरोगतज्ज्ञांच्या मते मुलांच्या मेंदूतील इजा दाहापेक्षा रक्तवाहिन्यांतील विकृतीमुळे, म्हणजे पक्षाघाताप्रमाणे झाली होती.

इ.स. २००४ मध्ये गुजरातच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत झालेली साथ रुग्णसंख्येने लहान होती. मात्र तीत मृत्युप्रमाण ७५ टक्क्यांहून अधिक होते. इ.स. २००७ मध्ये नागपूर विभागात तीव्र मेंदूज्वराचे ७८ रुग्ण नोंदले गेले व मृत्युप्रमाण सुमारे ४४ टक्के होते. त्यांपैकी निम्म्या रुग्णांत चांदीपुरा विषाणू हे कारण असल्याचे सिद्ध झाले.

इ.स. २०२४ मध्ये गुजरातेत साबरकांठा, अरवली, पंचमहाल आदी जिल्ह्यांत पुन्हा साथ आली. जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार जूनच्या प्रारंभापासून १५ ऑगस्टपर्यंत भारतात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण व ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी ६४ रुग्णांत चांदीपुरा विषाणूची खात्री झाली. मागील २० वर्षांतील ही या रोगाची सर्वांत मोठी साथ मानली जाते.

निदान

रोगलक्षणांवरून विषाणू ओळखता येत नाही. म्हणून साथीच्या काळात ‘तीव्र मेंदूज्वर लक्षणसमूह’ ही व्यापक व्याख्या वापरली जाते. अचानक ताप येऊन मानसिक अवस्थेत बदल होणे (गोंधळणे, बोलता न येणे, बेशुद्धी) किंवा नव्याने झटके येणे, असा कोणताही रुग्ण या व्याख्येत बसतो. लहान मुलांना केवळ तापामुळे येणारे साधे झटके तीतून वगळले जातात. व्याख्या मुद्दाम सैल ठेवलेली असते, कारण प्रारंभी एखादा रुग्ण निसटणे हे अधिक रुग्ण तपासण्यापेक्षा महागात पडते.

प्रयोगशाळेत रक्त व मस्तिष्कमेरुद्रव (पाठीच्या मणक्यांतून काढलेले पाणी) यांची तपासणी होते. पहिल्या काही दिवसांत आरटी-पीसीआर चाचणीने विषाणूचा आरएनए शोधला जातो. नंतरच्या काळात आयजीएम प्रतिपिंडांची एलायझा चाचणी उपयोगी पडते. नमुने थंड तापमानात ठेवून त्वरित पाठवावे लागतात. मस्तिष्कमेरुद्रवातील पेशींची संख्या व सीटी स्कॅन ही दोन्ही पुष्कळदा सामान्य आढळतात. त्यामुळे सामान्य अहवाल म्हणजे धोका टळला, असे मानता येत नाही.

संशयित रुग्णांच्या मानाने सिद्ध रुग्णांची संख्या नेहमीच कमी का असते, याचे एक कारण रोगाच्या गतीत आहे. विषाणू रक्तात थोडाच काळ टिकतो, तर प्रतिपिंडे तयार होण्यास काही दिवस लागतात. दोन दिवसांत दगावलेल्या मुलाच्या शरीराला प्रतिपिंडे निर्माण करण्यास वेळच मिळालेला नसतो. अशा मुलाचा पहिल्या दिवशी नमुना घेतला गेला नसेल, तर कारण अनिश्चितच राहते. दुसरे कारण म्हणजे लक्षणसमूहातील सर्व रुग्ण एकाच रोगाचे नसतात.

अन्य कारणांचा विचार

मेंदूज्वरासारखी लक्षणे दिसणारे काही आजार विशिष्ट औषधांनी बरे होतात. म्हणून ते वेळीच ओळखणे आवश्यक असते.

• मेंदूचा हिवताप : रक्तनमुना किंवा जलद चाचणीने निदान होते व हिवतापविरोधी औषधे उपलब्ध आहेत.
• जीवाणूजन्य मस्तिष्कावरणदाह : प्रतिजैविकांनी बरा होतो, उशीर घातक ठरतो.
• स्क्रब टायफस : माइटच्या अळीच्या दंशाने होणारा हा रोग डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकांना दाद देतो. पूर्व उत्तर प्रदेशातील गोरखपूर परिसरात मुलांतील मेंदूज्वराचे हे एक महत्त्वाचे कारण असल्याचे अभ्यासांतून दिसून आले.
• नागीण विषाणूजन्य (हर्पिस) मेंदूदाह : असायक्लोव्हिर हे औषध त्यावर परिणामकारक आहे.
• रक्तातील साखर घटणे : बिहारमधील मुझफ्फरपूर येथे उन्हाळ्यात मुले दगावत, तेव्हा प्रारंभी विषाणूचा संशय घेतला गेला. पुढे अभ्यासांत लिचीतील नैसर्गिक विषद्रव्ये आणि रात्री उपाशी झोपणे यांचा संबंध आढळला. त्या फळाच्या विषद्रव्यांमुळे शरीराची साखर तयार करण्याची क्रिया बिघडते. अशा मुलाला शिरेवाटे ग्लुकोज वेळेत मिळाल्यास प्राण वाचू शकतो.

मुझफ्फरपूरच्या उदाहरणावरून, मुले तापाने वा झटक्यांनी दगावू लागली की विषाणूचेच नाव गृहीत धरू नये, हे लक्षात येते. रक्तशर्करेची तपासणी बोटाच्या थेंबभर रक्ताने काही क्षणांत होते आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही ती करता येते.

रुग्णावरील उपचार

विषाणूनाशक औषध नसल्याने उपचार आधारभूत स्वरूपाचे असतात. विषाणू शरीरातून हटेपर्यंत श्वसन, रक्ताभिसरण व मेंदू यांचे रक्षण करणे हा त्यांचा हेतू असतो.

घरी अथवा वाटेत : झटके येत असलेल्या मुलाला कुशीवर वळवून ठेवावे, म्हणजे उलटी किंवा लाळ श्वासनलिकेत जात नाही. तोंडात चमचा, बोट, पाणी किंवा औषध घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने झटके थांबत नाहीत. ताप उतरवण्यासाठी कपडे सैल करून कोमट पाण्याने अंग पुसावे. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात : श्वासमार्ग मोकळा करणे, प्राणवायू देणे, रक्तशर्करा तपासून ती कमी असल्यास ग्लुकोज देणे आणि झटके थांबवणे ही कामे मुलाला पुढे पाठवण्यापूर्वीच करावयाची असतात. झटक्यांसाठी मिडॅझोलॅम नाकावाटे किंवा डायझेपाम गुदद्वारावाटे देता येते. त्यामुळे शीर सापडत नसली तरी उपचार थांबत नाहीत. मूल कोणत्या वेळी आजारी पडले, कोणते औषध केव्हा दिले, याची चिठ्ठी सोबत दिल्यास पुढील रुग्णालयातील वेळ वाचतो.

रुग्णालयात : झटके पुन्हा येऊ नयेत म्हणून फेनिटॉइन किंवा लेव्हेटिरासेटॅम यांसारखी औषधे दिली जातात. कवटीतील दाब वाढल्यास डोक्याकडील बाजू उंच ठेवणे, तसेच मॅनिटॉल किंवा तीव्र क्षारद्रावण शिरेवाटे देणे हे उपाय योजले जातात. द्रवाचे प्रमाण काटेकोर ठेवावे लागते. अतिरिक्त व कमी क्षारयुक्त द्रवाने मेंदूची सूज वाढते, तर द्रव अपुरा पडल्यास रक्तदाब घसरतो. श्वास मंदावल्यास कृत्रिम श्वसनयंत्राची गरज भासते. कवटीतील दाब वाढलेला असताना पाठीतील पाणी काढणे धोक्याचे असल्याने ती तपासणी पुढे ढकलली जाते. मात्र, तोपर्यंत प्रतिजैविके व असायक्लोव्हिर सुरू केली जातात. तपासणीच्या अहवालासाठी उपचार थांबवले जात नाहीत.

साथनियंत्रणाची कार्यपद्धती

मुलांतील मेंदूज्वराचा एखादा संशयित मृत्यू किंवा एकाच परिसरातील दोनतीन रुग्ण ही साथीची पूर्वसूचना मानली जाते. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाच्या यंत्रणेद्वारे तालुका व जिल्हा पातळीवर त्याची वर्दी जाते. त्यानंतर पुढील कामे समांतरपणे चालतात.

१. शीघ्र प्रतिसाद पथक गावाला भेट देते. त्यात साथरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, कीटकशास्त्रज्ञ व प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांचा समावेश असतो.

२. प्रत्येक रुग्णाचे वय, गाव, घराचा प्रकार, लक्षणे सुरू झाल्याची वेळ व परिणाम यांची सूची तयार होते. नकाशावर रुग्ण मांडल्यावर ते एका वस्तीत एकवटले आहेत की विखुरलेले, हे कळते.

३. आशा कार्यकर्त्या व आरोग्यसेविका घरोघरी तापाचे रुग्ण शोधतात. या रोगात ताप व बेशुद्धी यांमधील अंतर काही तासांचेच असल्याने साथीच्या गावात तापाच्या प्रत्येक मुलावर लक्ष ठेवावे लागते.

४. कोणत्या केंद्रातून कोणत्या रुग्णालयात मूल न्यावयाचे, हे आधीच ठरवले जाते. वाहन, प्राणवायू व झटक्यांवरील औषधे यांचा साठा रात्रीही उपलब्ध असावा लागतो.

५. कीटकशास्त्रीय पथक घरांतून व गोठ्यांतून वाळूमाश्या पकडून त्यांची घनता मोजते आणि विषाणूच्या तपासणीसाठी नमुने पाठवते.

६. रुग्णाच्या घरी व आसपासच्या घरांत भिंतींवर दीर्घकाळ टिकणाऱ्या कीटकनाशकाची फवारणी होते. वाळूमाशी उंच उडत नसल्याने भिंतींचा खालचा भाग, भेगा, कोनाडे व गोठे यांवर भर दिला जातो. गुजरातेत मॅलॅथिऑन भुकटीची धुरळणीही केली गेली. नुसत्या धुराचा परिणाम अल्पकाळ टिकतो आणि भेगांच्या आत तो पुरेसा पोहोचत नाही.

लोकसहभाग

साथीत भीती व अफवा यांचा प्रसार रोगाहून वेगाने होतो. झटके येणे म्हणजे बाहेरची बाधा, असा समज असलेल्या भागांत मूल प्रथम भगताकडे नेले जाते. इतर अनेक आजारांत अशा विलंबाची भरपाई होऊ शकते. चांदीपुरा मेंदूज्वरात ती बहुधा होत नाही. भगत, सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक व अंगणवाडी सेविका यांना विश्वासात घेऊन ‘ताप आणि झटके दिसताच प्रथम दवाखाना’ हा एकच संदेश देणे उपदेशापेक्षा अधिक परिणामकारक ठरते. संदेश स्थानिक बोलीत, मोजक्या शब्दांत असावा लागतो.

प्रतिबंध

• भिंतींच्या व जमिनीच्या भेगा पावसाळ्यापूर्वी लिंपून बुजवणे.
• गोठा व उकिरडा राहत्या घरापासून शक्य तितका दूर ठेवणे. शेण व ओला कचरा घराजवळ साठू न देणे.
• मुलांना जमिनीऐवजी खाटेवर, बारीक छिद्रांच्या किंवा कीटकनाशकयुक्त मच्छरदाणीत झोपवणे.
• सायंकाळनंतर मुलांना अंगभर कपडे घालणे.
• घरात फवारणी झाल्यावर लगेच भिंती सारवू वा रंगवू न देणे, कारण त्यामुळे औषधाचा थर झाकला जातो.

लस

जपानी मेंदूज्वरावर लस उपलब्ध असून भारतातील रोगप्रवण जिल्ह्यांत ती बालकांना दिली जाते. तथापि, ती चांदीपुरा विषाणूपासून संरक्षण देत नाही. चांदीपुरा विषाणूवरील प्रायोगिक निष्क्रिय लसीचे प्रयोग भारतीय शास्त्रज्ञांनी उंदरांवर केले आहेत. साथी अधूनमधून, मर्यादित प्रदेशात व मुख्यतः गरीब ग्रामीण वस्त्यांत येत असल्याने अशा लसीच्या मानवी चाचण्या आयोजित करणे अवघड जाते. तोपर्यंत जूनपूर्वी लिंपलेली भिंत, गावातील तापाच्या मुलांची रोजची विचारपूस आणि झटके थांबवण्याचे औषध जवळच्या आरोग्य केंद्रात हाताशी असणे, हीच या रोगाविरुद्धची उपलब्ध साधने होत.